पारख माणसांची : नामदार गोखल्यांच्या चरित्राचा धडा

एखाद्या संस्थेला प्रमुख नेमावयाचा असला म्हणजे काय घडते, हे बहुतेकांच्या परिचयाचे आहे. वर्तमानपत्रात जाहिरात येते, अर्ज येतात, शिफारशींची पत्रे येतात आणि एका दुपारी निवड समितीचे पाच-सात सभासद प्रत्येक उमेदवाराला वीस-पंचवीस मिनिटे प्रश्न विचारून पुढील अनेक वर्षांचा निर्णय करून टाकतात. पदवी, अनुभव, वक्तृत्व यांची नोंद होते. हा माणूस विश्वासाचा आहे काय, हा प्रश्न मात्र कोणत्याच रकान्यात नसतो. त्या दुपारची चूक समितीला फारशी भोगावी लागत नाही. ती भोगावी लागते हाताखालच्या शिक्षकांना, कारकुनांना आणि त्या मुलाखतीशी काडीचाही संबंध नसलेल्या विद्यार्थ्यांना.

प्रस्तुत लेखक एकेकाळी अशाच एका समितीवर होता. आम्ही ज्यांना निवडले, ते गृहस्थ बोलण्यात निष्णात होते; त्यांच्यापुढे इतर उमेदवार फिके पडले. दोन वर्षांनी फीच्या हिशेबात काही रकमेचा मेळ बसेना. चूक प्रमुखांच्याच आदेशामुळे झाली होती, हे कागदपत्रांवरून पुढे स्पष्ट झाले. परंतु तोपर्यंत त्यांनी सारा ठपका एका कारकुनावर ठेवला होता आणि तो बिचारा चार महिने घरी बसला होता. आम्ही निवड करताना त्या गृहस्थांना पुष्कळ प्रश्न विचारले होते. यापूर्वी तुमच्या हातून चूक झाली तेव्हा तुम्ही काय केलेत, एवढा एक प्रश्न तेवढा राहून गेला होता.

तो प्रश्न का विचारावयास हवा होता, हे समजून घ्यावयाचे असेल तर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्राकडे वळावे. गोखल्यांचे स्मरण आपण नेमस्त राजकारणी म्हणून करतो आणि त्यांचे मार्ग बरोबर होते की चूक, याच वादात गुंततो. परंतु विश्वासाची माणसे कशी ओळखावीत आणि कशी घडवावीत, या प्रश्नाचा त्यांच्याइतका पद्धतशीर विचार आपल्याकडे फार थोड्यांनी केला असेल. त्याचे कारणही त्यांच्या आयुष्यातच आहे. इतरांची कसोटी घेण्यापूर्वी ते स्वतः अनेक कसोट्यांतून गेले होते.

आठ रुपयांचे ऋण

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीत होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाला कोल्हापुरी शिक्षणासाठी पाठवू लागले. निम्म्याहून अधिक मिळकत दुसऱ्याच्या भवितव्यावर लावणारा भाऊ ज्याला लाभला, त्याला विश्वास म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. गोखल्यांच्या बालपणीच्या सत्यप्रियतेच्या ज्या कथा शाळेत सांगितल्या जातात, त्या बाजूला ठेवल्या तरी चालेल. त्या आठ रुपयांचा हिशेब तेवढा विसरू नये.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाल्यावर त्यांच्यापुढे सरकारी नोकरीचा आणि वकिलीचा असे दोन्ही मार्ग मोकळे होते. घरच्यांची अपेक्षाही तीच असणार. परंतु गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपये पगारावर शिक्षक झाले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. आजीव सदस्याला महिना पंच्याहत्तर रुपयांवर समाधान मानावे लागे. फर्ग्युसन महाविद्यालयात गोखल्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकविले. जो विषय वाट्याला येईल तो तयारी करून शिकवावयाचा, असा त्यांचा खाक्या होता. महाविद्यालयाच्या इमारतीसाठी पैसा लागला, तेव्हा इतर लोक सुट्टीत विश्रांती घेत असताना ते गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करीत होते.

वर्गणी गोळा करणे हे काम वरकरणी क्षुद्र वाटते. परंतु माणसाची परीक्षा तेथे जितकी होते तितकी व्यासपीठावर होत नाही. दारोदार जाऊन अपमान गिळावा लागतो, आलेल्या पै-पैचा हिशेब द्यावा लागतो आणि श्रेय संस्थेच्या नावावर जमा होते. संस्थाप्रमुख निवडताना उमेदवाराने कोठे भाषणे केली हे पाहण्यापेक्षा, दुसऱ्यांचा पैसा त्याच्या हातून किती वेळा गेला आणि तो कसा गेला, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

रानड्यांची शाळा

याच काळात गोखले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात आले. सुमारे चौदा वर्षे, म्हणजे १९०१ मध्ये रानड्यांचा मृत्यू होईपर्यंत, ही शिकवणी चालली. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक चालविणे, सरकारी अहवाल वाचणे, आकडे पडताळणे आणि सरकारकडे जावयाच्या अर्जांचे मसुदे तयार करणे, हा या शाळेतील अभ्यासक्रम होता. रानडे मसुदा बारकाईने तपासत आणि पसंत न पडल्यास पुन्हा लिहावयास लावत. त्या काळी अशा अर्जांचे पुढे काय होते, हे गुरुशिष्य दोघांनाही ठाऊक होते. सरकारी दप्तरात ते बहुधा पडून राहत. तरीही ज्या कागदाकडे कदाचित कोणी पाहणार नाही, तोही निर्दोष असला पाहिजे, असा रानड्यांचा कटाक्ष होता. कोणी पाहत नसताना माणूस काम कसे करतो, हे यातून त्यांना कळत होते आणि शिष्यालाही वळण लागत होते.

या काळात गोखल्यांचे सारे काही सुरळीत चालले होते, असे नाही. १८९० मध्ये त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले. आजीव सदस्याने आपली सारी शक्ती संस्थेलाच दिली पाहिजे, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता आणि त्यांनी या गोष्टीला हरकत घेतली. आधीपासून धुमसत असलेल्या वादात ही भर पडली आणि त्याच वर्षाअखेर टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्या वादात टिळकांच्या बाजूलाही तत्त्व होते, हे आज मोकळेपणाने मान्य करावे. एका माणसाने किती ठिकाणी बांधून घ्यावे, हा प्रश्न आजच्या संस्थांनाही सुटलेला नाही.

१८९७ ची कसोटी

परंतु गोखल्यांची खरी परीक्षा १८९७ मध्ये झाली. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. हिंदुस्थानच्या खर्चाविषयी त्यांनी दिलेली साक्ष आणि उलटतपासणीतील उत्तरे यांनी जाणकार प्रभावित झाले. वय अवघे एकतीस. नेमक्या याच वेळी पुण्यात प्लेगचा कहर चालू होता आणि सोल्जरांकडून होणाऱ्या घरझडत्यांमुळे लोक संतापले होते. पुण्याच्या स्नेह्यांकडून गोखल्यांना पत्रे आली. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर त्यांत होता. पत्रलेखकांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी ती हकीकत मँचेस्टर गार्डियन या पत्राला सांगितली. इंग्लंडात खळबळ उडाली आणि पुरावा मागण्यात आला.

इकडे २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. नातू बंधू स्थानबद्ध झाले, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. अशा भयग्रस्त पुण्यात, मी ते पत्र लिहिले असे पुढे येऊन सांगावयास कोण धजणार? गोखले मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या हाती पुरावा नव्हता. त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सरकारला सांगून स्वतः मोकळे व्हावे. गुळमुळीत खुलासा करून वेळ मारून न्यावी. किंवा जे सिद्ध करता येत नाही ते विधान जाहीरपणे मागे घ्यावे.

गोखल्यांनी तिसरा मार्ग पत्करला. त्यांनी गव्हर्नरांची व सैनिकांची जाहीर माफी मागितली आणि पत्रलेखकांची नावे मात्र अखेरपर्यंत उघड केली नाहीत. त्या दिवसांत सरकारची माफी मागणे म्हणजे लोकांच्या नजरेतून उतरणे होते, आणि गोखले तसे उतरलेही. त्यांच्यावर भ्याडपणाचा आरोप झाला. त्यांचे सार्वजनिक आयुष्य संपले, असे अनेकांना वाटले. स्वतः गोखल्यांच्या मनाला ही जखम फार खोल झाली. टीका हसण्यावारी नेण्याची कला त्यांना कधीच साधली नाही. तथापि ते घरात बसून राहिले नाहीत. पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा स्वयंसेवकांसह ते मदतकार्यात उतरले.

माफी योग्य होती की ती अधिक मोघम शब्दांत मागता आली असती, यावर अजूनही वाद घालता येईल. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. चूक झाल्यावर तिचा भार कोणत्या दिशेने सरकला, हे पाहावे. हाताखालचा कारकून पुढे करणारे आमचे ते गृहस्थ आणि खबर देणाऱ्यांना पाठीशी घालून स्वतःची मान खाली घालणारे गोखले, या दोघांतील अंतर कोणत्याही पदवीपत्रात दिसणारे नाही.

ज्यांनी गोखल्यांना जवळून पाहिले होते, त्यांचा विश्वास या प्रकाराने डळमळला नाही. १८९९ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून आले. पुढे मध्यवर्ती कौन्सिलातील सर फिरोजशहा मेहता यांची जागा आपल्याला मिळावी, अशी विनंती त्यांनी स्वतः मेहतांना पत्र लिहून केली आणि त्या पत्रात १८९७ चा प्रसंग लपविला नाही. आपल्या कामाने तो डाग धुऊन काढावयाचा आहे, हेच त्यांनी कारण दिले. आपल्या आयुष्यातील सर्वांत दुबळा क्षण अर्जातच नमूद करणारा उमेदवार किती समित्यांनी पाहिला असेल?

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी मध्यवर्ती कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीतील शिल्लक म्हणजे रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. पुढील प्रत्येक वर्षी त्यांच्या भाषणाची वाट पाहिली जाऊ लागली. ज्या मिठावरील कराविरुद्ध ते वारंवार बोलले, तो १९०३ ते १९०७ या काळात तीनदा कमी झाला. रानड्यांच्या शाळेत मसुदे पुन्हा पुन्हा लिहिल्याचे फळ असे मिळाले.

पाच वर्षांची उमेदवारी

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. आधी त्यांनी स्वतः शपथ घेतली आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन या तिघांना दिली. शपथा सात होत्या. देशाला विचारांत पहिले स्थान देणे, सेवेतून स्वतःचा लाभ न पाहणे, जातिधर्मभेद न मानता सर्व भारतीयांना बंधू मानणे, संस्था देईल त्या निर्वाहावर संतुष्ट राहणे, खाजगी जीवन शुद्ध ठेवणे, कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे आणि संस्थेचे हेतू सदैव दृष्टीपुढे ठेवणे, असा त्यांचा आशय होता.

परंतु शपथ कोणीही घेऊ शकतो, हे गोखल्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी पाच वर्षांची उमेदवारी ठेवली. या काळात नवख्या सभासदाने अभ्यास करावयाचा, देशभर प्रवास करावयाचा आणि संस्थेच्या प्रमुखाच्या मार्गदर्शनाखाली वागावयाचे. १९०७-०८ मध्ये संयुक्त प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा समाजाची माणसे मदतीसाठी तिकडे गेली. प्रसिद्धीची हाव असलेला तरुण अशा शिस्तीत फार काळ टिकत नाही. गोखल्यांच्या हयातीत सभासद मोजकेच राहिले आणि त्यांना त्याची खंत वाटली असली, तरी संख्येसाठी त्यांनी नियम सैल केले नाहीत.

त्या मोजक्या माणसांचे पुढे काय झाले, यावरून निवडीचे मूल्यमापन करता येते. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील एका शाळेचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ मध्ये समाजात आले. गोखल्यांच्या पश्चात तेच अध्यक्ष झाले आणि १९२७ मध्ये भारताचे पहिले एजंट म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. शिक्षकी सोडून आलेले ना. म. जोशी यांनी मुंबईच्या कामगारांची सेवा हेच जीवितकार्य मानले; १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत ते होते. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्यासमवेत पुण्याचे सेवासदन उभारले. मुंबई नगरपालिकेतील इंजिनिअरची नोकरी सोडून १९१४ मध्ये आलेले अमृतलाल ठक्कर पुढे ठक्कर बाप्पा म्हणून हरिजन-आदिवासींच्या घरोघरी पोहोचले. हृदयनाथ कुंझरू १९०९ मध्ये आले आणि १९७८ मध्ये मृत्यू पावेपर्यंत समाजाशी एकनिष्ठ राहिले. यांतील बहुतेक माणसे प्रथमदर्शनी सामान्य वाटावीत अशीच होती. शाळामास्तर आणि पालिकेचा नोकर यांच्यातील ही योग्यता एका दुपारच्या मुलाखतीत कोणाला दिसली असती?

विश्वास आणि मतैक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही गोखल्यांनी ओळखले होते. गांधीजींचे हिंद स्वराज्य त्यांना मुळीच पटले नाही. तरीही १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांनी गांधीजींचे काम प्रत्यक्ष पाहिले आणि पुढल्या लढ्यासाठी भारतात पैसा उभा केला. १९१५ च्या जानेवारीत गांधीजी परतले, तेव्हा त्यांनी समाजात यावे अशी गोखल्यांची इच्छा होती. इतर सभासदांना मतभेदांची धास्ती वाटत होती. गोखल्यांनी गांधीजींना सल्ला दिला तो असा, की एक वर्ष देशभर हिंडावे, पाहावे आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये. उमेदवारीचा नियम त्यांनी एवढ्या मोठ्या माणसालाही लावला, आणि त्या माणसाने तो पाळला.

येथेच या पद्धतीची मर्यादाही दिसते. गोखल्यांच्या निधनानंतर गांधीजींच्या प्रवेशावरून सभासदांत दोन तट पडले आणि अखेर गांधीजींनीच आपला अर्ज मागे घेतला. नियमांची चाळणी नीतिमान, कष्टाळू सेवक निवडू शकली. परंतु नियमांहून मोठा असलेला माणूस तिच्यात मावला नाही. कोणत्याही निवडपद्धतीने ही नम्रता बाळगावी.

जबाबदारी दिल्याविना पात्रता कळत नाही

गोखल्यांचे शेवटचे काम नोकरभरतीशीच संबंधित होते. १९१२ मध्ये लॉर्ड इज्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सार्वजनिक नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे ते सभासद होते. वरिष्ठ जागांसाठी भारतीय माणूस पुरेसा भरवशाचा नाही, हा गोऱ्या अधिकाऱ्यांचा जुना युक्तिवाद होता. गोखल्यांनी वेल्बी कमिशनपुढेच त्याला उत्तर दिले होते. ज्यांना सदैव दुय्यम जागी ठेवले जाते, त्यांची वाढच खुंटते. म्हणून न दिलेल्या जबाबदारीवरून त्यांची पात्रता ठरविणे हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पारख कडक असावी, पण तिचे दार सर्वांना उघडे असावे, हा त्यांच्या विचाराचा दुसरा भाग आहे आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आयोगाचा अहवाल पुरा होण्यापूर्वीच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अतिश्रमाने खंगलेल्या गोखल्यांचा अंत झाला. पंचवीस वर्षे ज्यांच्याशी वाद झाला ते टिळक सिंहगडावरून आले आणि स्मशानभूमीत त्यांनी गोखल्यांचा गौरव केला. मित्रांची शिफारसपत्रे हवी तेवढी मिळतात. प्रतिस्पर्ध्याची साक्ष मात्र क्वचितच मिळते आणि तीच सर्वांत मोलाची असते.

आपल्या शाळांना, पतपेढ्यांना, ग्रंथालयांना पाच वर्षांची उमेदवारी ठेवणे शक्य नाही, हे उघड आहे. सात शपथाही कोणी घेणार नाही. परंतु काही गोष्टी आजही करता येतील. उमेदवार ज्यांच्या हाताखाली होता त्यांचे प्रशस्तिपत्र आपण मागतो. जे त्याच्या हाताखाली होते, त्या शिपायांना व कारकुनांनाही विचारावे. त्याच्या यशाची यादी पाहावी, तशी त्याच्या एखाद्या चुकीची हकीकतही त्याच्याच तोंडून ऐकावी आणि त्या हकीकतीत दोष कोणाच्या पदरी पडतो, हे लक्ष देऊन पाहावे. मोठी खुर्ची देण्यापूर्वी लहान, कंटाळवाणे, श्रेय न देणारे काम देऊन पाहावे. आणि मुलाखतीत जो फारसा चमकला नाही, अशा शांत उमेदवाराचा अर्ज बाजूला टाकण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचावा.

आमच्या समितीने एवढे केले असते, तर त्या कारकुनाचे चार महिने वाचले असते. संस्थेच्या इतिहासात अशा चार महिन्यांची नोंद कोठेही होत नाही. परंतु ज्याच्या घरची चूल त्या काळात विझत आली होती, तो माणूस आणि त्याची मुले ती कधी विसरत नाहीत. निवड समितीच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने आपल्या सहीखाली नेमके काय लिहिले जात आहे, याचा विचार करताना त्या न लिहिलेल्या नोंदीचेही स्मरण ठेवावे.